शब्द एक, अर्थ अनेक : ‘लाईन’ या शब्दाच्या निमित्ताने



इंग्रजीच्या तासाला जे शब्द ‘कठीण शब्द’ म्हणून फळ्यावर लिहिले जातात, ते बहुधा लांबलचक असतात. ‘एलिफंट’, ‘अंब्रेला’, ‘थर्मामीटर’ अशा शब्दांचे स्पेलिंग मुलाला छळते हे खरे. तथापि अर्थाच्या दृष्टीने ते शब्द साधे होत. एलिफंट म्हणजे हत्ती, एवढे एकदा कळले की काम भागले. खरी अडचण निराळ्याच शब्दांपाशी असते. जे शब्द आखूड, नित्याचे आणि सोपे वाटतात, ज्यांच्यासाठी तासाची दोन मिनिटेही कोणी खर्च करीत नाही, तेच पुढे मुलाला वाटेत अडवितात. ‘लाईन’ हा अशा शब्दांपैकीच एक आहे.

पाठाखालच्या शब्दार्थांत ‘लाईन – रेषा’ असे दिलेले असते. मुलगा ते पाठ करतो. पुढे एखाद्या गोष्टीत आई कपडे धुते आणि ते ‘ऑन द लाईन’ वाळत घालते, असे वाक्य येते. मुलगा इमानाने लिहितो, ‘आईने कपडे रेषेवर वाळत घातले.’ वर्गात हशा पिकतो आणि उत्तरावर लाल फुली पडते. या प्रसंगी चूक कोणाची, याचा विचार झाला पाहिजे. मुलाने शिकविलेलेच लिहिले होते. ज्या शब्दाला दहा अर्थ आहेत त्याचा एकच अर्थ त्याच्या हाती देण्यात आला आणि बाकीचे नऊ त्याच्यापासून लपून राहिले. असा अनुभव चार-सहा वेळा आला म्हणजे मुलाची अशी समजूत होते की, इंग्रजी ही बेभरवशाची भाषा असून ती आपल्या आवाक्याबाहेरची आहे. स्पेलिंगची चूक दुरुस्त होते. ही समजूत मात्र लवकर दुरुस्त होत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे ही समजूत मनात रुजण्याचे वयही आता पूर्वीपेक्षा लहान झाले आहे.

या अडचणीवरचा उपाय दूर कोठे शोधावयास नको. तो मुलाच्या घरातच आहे.

खानदेशातील कोणत्याही खेड्यात ‘लाईन’ हा शब्द दिवसातून किती वेळा कानी पडतो, हे पाहण्याजोगे आहे. सायंकाळी दिवे गेले की ‘लाईन गेली’ असे घरोघर म्हणतात. अहिराणी बोलणारी घरे ‘लाईन गयी’, आणि दिवे आले की ‘लाईन उनी’ म्हणतात. रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणजे शेतकरी ‘लाईन आली’ म्हणून मोटर सुरू करण्यासाठी मळ्याकडे निघतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरीपासून दूरच्या शेतापर्यंत नळ पुरतात, त्यास ‘पाईपलाईन टाकली’ म्हणतात. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, नंदुरबार या गावांत ‘लाईनच्या पलीकडे’ म्हटले की लोहमार्गापलीकडची वस्ती समजावी. रेशनच्या दुकानापुढे लाईन लागते. जळगाव-धुळ्यात पोलिसांच्या वसाहतीला पोलीस लाईन हेच नाव आहे. दहावीनंतर मुलाने कोणती लाईन घेतली, याची चौकशी सारे गाव करते. गवंडी विटांचा थर सरळ यावा म्हणून लाईनदोरी ताणतो. शाळेत गुरुजी ‘लाईनीत उभे राहा’ असे सांगतात, आणि त्याच गुरुजींना रात्री बसून ‘ऑनलाईन’ माहिती भरावी लागते.

आता ‘लाईन बंद आहे’ हे एकच वाक्य घ्यावे. मोटरीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याने ते उच्चारले तर वीज नाही असा अर्थ होतो. नळ खोदणाऱ्याच्या तोंडी पाणी तोडले आहे असा अर्थ होतो. फोन कानाला लावलेला मनुष्य म्हणाला तर संपर्क होत नाही असे समजावे, आणि स्थानकावर ऐकू आले तर गाड्या अडल्या आहेत असे समजावे. आठ वर्षांचे मूल यापैकी कोणत्याही प्रसंगी गोंधळत नाही. बोलणारा कोण, तो उभा कोठे, पुढचे-मागचे शब्द कोणते, हे पाहून ते क्षणात योग्य अर्थ उचलते. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, हा भाषाशास्त्राचा सिद्धांत ते मूल न शिकताच जाणते. शिक्षकाला ही शक्ती नव्याने निर्माण करावयाची नाही. घरी वापरात असलेली ही शक्ती इंग्रजीच्या तासालाही चालते, एवढेच मुलाच्या लक्षात आणून द्यावयाचे आहे.

या शब्दाचे इतके अर्थ कसे झाले, हे कळले तर ते लक्षात ठेवणे सोपे जाते. ‘लाईन’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणत. जवसाच्या काडीपासून वाख निघतो. त्या वाखाच्या दोऱ्याला ‘लिनेआ’ हे नाव पडले, आणि त्यापासून ‘लाईन’ आला. त्याच कुळातील ‘लिनन’ म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड, आणि ‘लिनसीड’ म्हणजे जवसाचे बी. शिंपी कपड्याच्या आतून जे अस्तर लावतो त्याला ‘लायनिंग’ म्हणतात, कारण पूर्वी अस्तरासाठी लिनन कापड वापरीत. तेव्हा लाईन म्हणजे मुळात दोरा होय. दोरा ताणला की सरळ दिसतो, म्हणून सरळ रेघेला लाईन म्हणू लागले. रेघेसारखी अक्षरे मांडली की ओळ झाली, माणसे मांडली की रांग झाली. लोखंडाचे रूळ रेघेसारखे पसरले, तारा रेघेसारख्या ओढल्या गेल्या, आणि त्यांनाही तेच नाव मिळाले. बापामागून मुलगा, मुलामागून नातू असा वंशाचा दोर लांबत जातो, म्हणून घराण्यालाही इंग्रजीत लाईन म्हणतात. जमिनीवर ओढलेली रेघ ओलांडू नये, म्हणून मर्यादेलाही लाईन हा शब्द आला. इंग्रजीत ‘त्याने लाईन ओलांडली’ असे म्हणतात, तेथे मराठी मनुष्य लक्ष्मणरेषा ओलांडल्याचे बोलतो. दोन दूरदेशीच्या भाषांनी एकच कल्पना स्वतंत्रपणे पकडली आहे.

यापेक्षाही जवळचा दाखला खानदेशासारख्या कापसाच्या मुलखाला सहज पटेल. ‘सूत’ आणि ‘सूत्र’ हे शब्द पाहावेत. संस्कृतात सूत्र म्हणजे दोरा. पुढे थोडक्या शब्दांत गुंफलेल्या नियमालाही सूत्र म्हणू लागले, आणि गणितातील क्षेत्रफळाचे सूत्र मुले आजही पाठ करतात. नाटकाच्या आरंभी येतो तो सूत्रधार. आणि ‘सुतार’ हा शब्दही सूत्रधारावरूनच आला आहे. सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन माणसांचे पटले म्हणजे त्यांचे सूत जुळले. कारभार हाती घेणे म्हणजे सूत्रे हाती घेणे. लॅटिन दोरा ज्या वाटेने गेला, जवळजवळ त्याच वाटेने संस्कृत दोराही गेला. शिक्षकाने हे पंधरा मिनिटांत सांगितले तर मुलांच्या मनातील इंग्रजीचे परकेपण बरेचसे ओसरेल.

एका शब्दाला पुष्कळ अर्थ असणे ही केवळ इंग्रजीची खोड आहे, असा समजही यावरून दूर व्हावा. मराठीतील ‘लागणे’ हे क्रियापद घेऊन पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, वेड लागते. गूळ गोड लागतो. अमुक गृहस्थ नात्याने मामा लागतात. एस. टी. स्थानकावर ‘गाडी लागली’ म्हणजे ती फलाटाशी आली. त्याच गाडीत बसलेल्या बाईला ‘गाडी लागली’ म्हणजे तिला मळमळू लागले. इंग्रजीला यातील जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द शोधावा लागतो. मराठी शिकणारा परका मनुष्य ‘लागणे’ म्हणताच घाबरून जात असेल, आणि खेड्यातील मूल मात्र ते सारे प्रयोग खेळता खेळता करते. ‘जी भाषा तू बोलतोस ती काही कमी अवघड नाही, आणि ती तुला पूर्ण येते’ हे वाक्य वर्गात उच्चारले गेले तर त्याचे मोल मोठे आहे.

सामान्य शब्दांनाच जास्त अर्थ का असतात, याचाही विचार झाला आहे. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ साली असे दाखविले की, जो शब्द जितका अधिक वेळा वापरला जातो तितके त्याचे अर्थ अधिक असतात. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात खंडाखंडाने निघाली. त्या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती. रोजच्या वापरातील भांड्यात जसे पाणी, डाळ, ताक सर्व काही येऊन जाते, तसे रोजच्या शब्दाचे होते. ठेवणीतील भांडे एकाच कामाला येते.

मग शिक्षकाने सगळेच अर्थ शिकवावेत काय? मुळीच नाही. याबाबतीत मायकेल वेस्ट यांचे काम मार्गदर्शक आहे. हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचावयास कसे शिकवावे याचा त्यांनी तेथे दीर्घ अभ्यास केला. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ वाचनात किती प्रमाणात येतो, याचाही अंदाज तीत दिलेला आहे. अर्थांनाही क्रम असतो. जो अर्थ वारंवार भेटतो तो आधी आणि जो क्वचित भेटतो तो मागाहून शिकवावा, हे तत्त्व त्यातून मिळते.

हे तत्त्व प्राथमिक शाळेत पुढीलप्रमाणे उतरविता येईल.

पहिली गोष्ट अशी की, सुटा शब्द व सुटा अर्थ देण्याची पद्धत सोडावी. ‘लाईन – रेषा’ असे न लिहिता ‘ड्रॉ अ लाईन – रेघ ओढ’, ‘स्टँड इन अ लाईन – रांगेत उभा राहा’, ‘रीड द थर्ड लाईन – तिसरी ओळ वाच’ असे लिहावे. शब्द नेहमी शेजाऱ्यांसह भेटला म्हणजे त्याचा अर्थ पाठ करावा लागत नाही. वरील तिन्ही गोष्टी मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेता येतात. यास खडू, पटांगण आणि पाठ्यपुस्तक याखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. पहिली-दुसरीत रेघ आणि रांग, तिसरी-चौथीत ओळ, पाचवीपासून कपडे वाळविण्याची दोरी, लोहमार्ग, तार, आणि वरच्या वर्गात घराणे, मर्यादा, धंदा हे अर्थ यावेत. सातवी-आठवीच्या मुलांना ‘रस्त्याच्या दुतर्फा झाडे आहेत’ हे सांगण्यासाठी इंग्रजीत ‘ट्रीज लाईन द रोड’ असे म्हणतात, म्हणजे हाच शब्द क्रियापदही होतो, हे सांगता येईल. दोन शिक्षकांच्या शाळेत ही व्यवस्था विशेष सोयीची आहे. एकच शब्द फळ्यावर लिहून खालच्या वर्गाने रेघा ओढाव्यात, मधल्या वर्गाने ओळी मोजाव्यात आणि वरच्या वर्गाने वाक्ये करावीत. एका शब्दात चार वर्ग गुंततात.

तिसरी गोष्ट घरच्या भाषेची. ‘लाईन’ हा शब्द घरी, शेतात, बाजारात कोणकोणत्या वाक्यांत ऐकला, ती वाक्ये मुलांनी जशी ऐकली तशीच आणावीत. अहिराणी, लेवा, गुजर, भिली, पावरी, जी बोली घरी चालत असेल तिच्यातच ती सांगावीत. शिक्षकाने ती ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करू नयेत. फळ्यावर मांडावीत आणि प्रत्येक वाक्यात लाईन म्हणजे काय, हे मुलांनाच विचारावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत येणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीही नवीनच असते. त्याला इंग्रजी ‘लाईन’चा अर्थ ‘रेषा’ म्हणून सांगणे म्हणजे एका अपरिचित शब्दाची ओळख दुसऱ्या अपरिचिताने करून देणे होय. पाड्यावरच्या खांबावरून आलेली लाईन मात्र त्याने पाहिलेली असते.

चौथी गोष्ट सावधगिरीची, आणि ती फार महत्त्वाची आहे. मराठीत वसलेला इंग्रजी शब्द हा सर्वस्वी इंग्रजी राहत नाही. ‘लाईन’ मराठीत स्त्रीलिंगी झाली, तिचे अनेकवचन ‘लाईनी’ झाले, आणि ती ‘लाईनीत’, ‘लाईनीवर’ असे मराठी प्रत्यय घेऊ लागली. तिने काही नवे अर्थही धारण केले. वीज गेली असता इंग्रज मनुष्य ‘लाईन गेली’ म्हणत नाही; तो ‘पॉवर’ गेली असे म्हणतो. शिक्षणाच्या शाखेलाही तो बहुधा लाईन म्हणत नाही. तेव्हा घरच्या ‘लाईनी’वरून इंग्रजी ‘लाईन’कडे जाताना, कोणते अर्थ दोन्हीकडे चालतात आणि कोणते केवळ मराठीचे आहेत, याच्या दोन याद्या फळ्यावर कराव्यात. मराठी अर्थ चुकीचा आहे असे मात्र म्हणू नये. तो मराठीत बरोबरच आहे. मुलाला दोन्ही भाषांचा मान राखावयास शिकविण्याची ही संधी समजावी.

पाचवी गोष्ट उत्तरे तपासण्याची. ‘कपडे रेषेवर वाळत घातले’ असे उत्तर आले तर फुली मारण्यापूर्वी त्या मुलाला एकच प्रश्न विचारावा : ‘घरी आई कपडे कशावर वाळत घालते?’ बहुतेक वेळा मूल ‘दोरीवर’ असे तत्काळ सांगेल आणि स्वतःच उत्तर सुधारील. पुढच्या वेळी नवा शब्द अडला तर असा प्रश्न ते स्वतःला विचारील. गाईडमधला अर्थ परीक्षेपुरता उपयोगी पडेल. हा प्रश्न जन्मभर पुरेल. वरच्या वर्गांतील मुलांना मोठा कोश उघडून दाखवावा. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईस छापला गेला, तेव्हापासून मराठी वाचकाला एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग पाहावयास मिळत आली आहे. त्या रांगेतून आपल्या वाक्याला जुळेल तो शब्द निवडावयाचा असतो, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसले पाहिजे.

अर्थाचा नेमकेपणा हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. खेड्यातील मूल उद्या भुसावळच्या रेल्वेत कामाला लागेल, एखाद्या कारखान्यात यंत्रावर उभे राहील, वा स्वतःच्या शेतावर विजेचा पंप चालवील. यंत्रावर, औषधाच्या बाटलीवर, विजेच्या पेटीवर इंग्रजीत दोन-चारच शब्द लिहिलेले असतात आणि ते बहुधा असेच आखूड असतात. ‘लाईव्ह’ म्हणजे जिवंत, एवढेच ज्याने पाठ केले आहे त्याला ‘लाईव्ह लाईन’ या पाटीचा काय बोध व्हावा? त्या तारेतून वीज वाहत आहे, हात लावू नये, हा तिचा अर्थ होय. येथे चुकीच्या अर्थाला लाल फुली मिळत नाही. त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

शब्द जन्मभर कसे रूप बदलतात, याचे आणखी एक उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. ‘डेडलाईन’ हा शब्द अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ सालच्या सुमारास, युद्धकैद्यांच्या तळांवर रूढ झाला. तळाच्या आतील एक ठरावीक रेघ ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालीत. ती रेघ म्हणजे डेडलाईन. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला तो शब्द लागू झाला, आणि आज शाळांकडून मागविलेल्या माहितीच्या अखेरच्या तारखेलाही तो लावला जातो. त्यातील गोळी गेली, रेघ तेवढी राहिली!

एवढ्या विवेचनानंतर लहानसा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. आठवड्यातून एक तास एका आखूड इंग्रजी शब्दासाठी राखून ठेवावा. ‘लाईन’नंतर ‘हेड’, ‘बँक’, ‘नंबर’, ‘पॉइंट’, ‘सेट’ असे शब्द घेता येतील. यातील बहुतेक खेड्यात आधीच येऊन राहिलेले आहेत. त्या शब्दाची घरची वाक्ये, पुस्तकातील वाक्ये आणि दोहोंतील फरक मुलांनी एका वहीत लिहावा. वर्षअखेर त्या वहीत तीस-पस्तीस शब्द होतील. संख्या थोडी वाटेल. परंतु इंग्रजी वाचनात हेच शब्द पावलोपावली भेटतात, आणि त्यांच्यापाशी न अडखळणारे मूल लांबलचक शब्दांना भीत नाही. नवा शब्द दिसताच ‘याचा अर्थ काय?’ एवढेच विचारून न थांबता ‘येथे याचा अर्थ काय?’ असे मुले विचारू लागली, म्हणजे तो तास सार्थकी लागला असे समजावे.